पंपाच्या जुळणी लाइनवर दृश्य नियंत्रण : एक प्रकरण अभ्यास

नऊ स्टेशनची जुळणी लाइन, पाण्याचे छोटे पंप. पहिल्या स्टेशनवर शाफ्टवर बेअरिंग दाबून बसते. पुढे मेकॅनिकल सील, इंपेलर, ओ-रिंग (सांध्यातून गळती रोखणारे रबरी कडे), आवरणाचे सहा बोल्ट असे करत जॉब, म्हणजे जुळत असलेला पंप, सातव्या स्टेशनवर गळती तपासणीला येतो, आणि शेवटी नावपट्टी लागून पॅकिंग होते. शिफ्ट आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची. त्यातून जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १० मिनिटे वजा केली की ४३० मिनिटे उरतात, म्हणजे २५,८०० सेकंद. मागणी ३४४ पंपांची. भागाकार केला की दर ७५ सेकंदांनी एक पंप बाहेर पडायला हवा. (हे प्रकरण कोण्या एका कारखान्याचे नाही. अशा लाइनवर वारंवार घडते ते एकत्र करून मांडले आहे आणि आकडे वाचकाला हिशेब पडताळता यावा म्हणून घेतले आहेत.)

तक्रार जुनीच. लाइन मागे पडली आहे हे शिफ्ट सुटताना मोजणी झाली की कळते. तोवर करण्यासारखे काही उरत नाही, उरतो तो फक्त ओव्हरटाइम. सुटा भाग संपला हे हात रिकाम्या बिनमध्ये (सुट्या भागांच्या पेटीत) गेल्यावर समजते. गळतीत नापास झालेले पंप टेबलाखाली साठतात आणि त्यांचा छडा दोन दिवसांनी लागतो.

पहिला प्रयत्न

यावर उपाय म्हणून दृश्य नियंत्रण, म्हणजे लाइनची स्थिती नजरेला दिसेल अशा खुणा, आणायचे ठरले आणि एका सुट्टीच्या दिवशी सगळे एकदम उरकले गेले. अकरा फलक टांगले, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या, प्रत्येक मशीनवर तीन रंगांचे टॉवर दिवे बसवले, हत्यारांची सावली (प्रत्येकाच्या जागी त्याचा आकार) रंगवलेले फळे लावले. सोमवारी लाइन देखणी दिसत होती. दीड महिन्याने फलकांवरचे आकडे एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच दमात लिहिलेले दिसू लागले. शिफ्टच्या शेवटी कोणीतरी आठही तासांचे रकाने भरत होते. पिवळे दिवे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जळत होते आणि त्यांच्याकडे कोणी मान वळवत नव्हते.

चूक फलकांच्या संख्येत शोधली तर अर्धीच सापडते. माहिती दिसणे आणि नियंत्रण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचा महिन्याचा आलेख माहिती देतो, त्याने कोणाचा हात हलत नाही. ज्या खुणेबरोबर तीन गोष्टी ठरलेल्या असतात तिलाच नियंत्रण म्हणता येते : योग्य स्थिती कोणती, ती बिघडली तर कोणी धावायचे, आणि किती वेळात. या लाइनवर लावलेल्या बहुतेक खुणांना पहिलीच गोष्ट नव्हती आणि तिसरी तर एकीलाही नव्हती.

हा विचार नवा नाही. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की स्वतःच थांबत असे. सदोष कापड पुढे विणलेच जायचे नाही आणि एक माणूस अनेक माग सांभाळू शकायचा. पुढे टोयोटाच्या मोटार लाइनवर तेच तत्त्व ‘अँडॉन’ (अडचण दाखवणारा दिवा) म्हणून आले. जपानीत या शब्दाचा अर्थ कागदी कंदील. कंदील नुसता लावून भागत नाही, तो लागला की कोणीतरी यावे लागते.

दुसरी सुरुवात : आधी थांबे मोजणे

दुसऱ्या वेळी पहिले दोन आठवडे भिंतीला हात लावला नाही. प्रत्येक स्टेशनवर एक ए-४ कागद क्लिपबोर्डला लावला. रकाने चारच : भाग नाही, हत्यार किंवा मशीन, जॉब खराब, माहिती नाही. काम ७५ सेकंदांच्या आत झाले नाही की ऑपरेटरने एक रेघ ओढायची. वेळ लिहायची नाही, कारण लिहायचे नाही. कागद जितका साधा तितका तो खरा भरला जातो.

रेघांतून निघालेले चित्र सुपरवायझरच्या अंदाजापेक्षा वेगळे होते. मशीन बिघाडाची सगळ्यांना आठवण असते, कारण तो मोठा असतो. प्रत्यक्षात सर्वांत दाट रेघा पडल्या ‘भाग नाही’च्या रकान्यात चौथ्या आणि पाचव्या स्टेशनवर, आणि ‘जॉब खराब’च्या रकान्यात सातव्यावर. मग ठरले की खुणा फक्त तिथेच लावायच्या जिथे रेघा दाट आहेत. अकरापैकी आठ फलक उतरवले. ते उतरवताना थोडी कुरकुर झाली, कारण पाहुण्यांना दाखवायला ते छान होते.

तासाचा फलक

राहिलेल्या तीन फलकांपैकी मुख्य होता तासाच्या उत्पादनाचा. पांढरा फलक, १२० बाय ९० सेंटीमीटर, लाइनच्या शेवटी नाही तर मधोमध, ये-जा करण्याच्या वाटेवर. रकाने : तास, योजना, प्रत्यक्ष, फरक, एकूण फरक, कारण, कोण पाहणार. ओळी मार्करने आखल्या तर पुसताना जातात, म्हणून ३ मिलिमीटरच्या काळ्या चिकटपट्टीने आखल्या. अक्षराची उंची वाचण्याच्या अंतराच्या निदान दोनशेवा भाग हवी, शंभरावा असेल तर निवांत वाचता येते. फलक पाच मीटरवरून वाचायचा होता, तेव्हा आकडे ५ सेंटीमीटरचे. म्हणूनच रकाने जास्त घालता येत नाहीत, आणि ते बरेच आहे.

योजनेच्या रकान्यात पहिल्या प्रयत्नात घोळ झाला होता तो असा. ३४४ ला आठने भागून प्रत्येक तासासमोर ४३ लिहिले होते. पण पूर्ण तासात लाइन ४८ पंप देते, चहाच्या तासात ४० आणि जेवणाच्या तासात २४. सातला सुरू होणाऱ्या शिफ्टचा खरा क्रम ४८, ४८, ४०, ४८, २४, ४८, ४०, ४८, बेरीज बरोबर ३४४. सरसकट ४३ लिहिल्यावर सकाळी लाइन फुकटची पाचने पुढे दिसते आणि जेवणाच्या तासात १९ ने मागे. दोन दिवसांत ऑपरेटरला उमगते की या लाल आकड्याला अर्थ नाही, आणि मग खऱ्या लाल आकड्यालाही अर्थ उरत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. सकाळी फलकासमोर पाच मिनिटांची उभ्या-उभ्या बैठक सुरू केली. पाच मिनिटे म्हणजे चार पंप. पहिल्या तासाची योजना ४४ करायची आणि एकूण ३४० मान्य करायचे, की ताल, म्हणजे दोन पंपांमधला वेळ, ७५ वरून ७४ सेकंदांवर आणायचा, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता बैठक सुरू केली तर रोजचा पहिला रकाना लाल होतो आणि दोष बैठकीवर येतो.

आकडा लिहायचा तो शेवटच्या स्टेशनच्या ऑपरेटरने, तास संपल्यापासून पाच मिनिटांत. योजना गाठली तर निळ्या मार्करने, नाही तर लाल. मार्कर दोरीला बांधलेले, शिवाय लीडरच्या (अडचण आली की स्टेशनवर मदतीला येणाऱ्याच्या) खिशात एक जादा. (मार्कर सुकला म्हणून बंद पडलेले फलक कमी नाहीत.) कारणाच्या रकान्यात ‘मशीन बंद’ चालणार नाही असे ठरले. ‘स्टे. ७, क्लॅम्प सुटत नाही, ४ मि.’ असे लिहायचे. स्टेशन, काय झाले, किती मिनिटे. या तीन गोष्टी नसतील तर मेंटेनन्सला त्या ओळीचे काहीच करता येत नाही.

फलकाऐवजी टीव्हीचा पडदा लावा, आकडे आपोआप येतील, हा आग्रह बैठकीत दोनदा झाला. मशीन मोजणी करते तिथे पडदा ठीक आहे. पण कारण मशीन लिहीत नाही, आणि हाताने लाल आकडा लिहिणाऱ्या माणसाला तो आकडा खटकतो. इथे फलकच ठेवला, आणि तो निर्णय योग्य होता असे वाटते.

हाक मारण्याची दोरी

प्रत्येक स्टेशनवर पिवळ्या बटणाऐवजी डोक्यावरून जाणारी दोरी दिली, कारण दोन्ही हात गुंतलेले असताना कोपराने तरी ओढता येते. दोरी ओढली की वरच्या पाटीवर स्टेशनचा आकडा पिवळा होतो आणि एक सूर वाजतो. लाइन लगेच थांबत नाही. ऑपरेटरच्या चालू फेरीतले (एका पंपाच्या ७५ सेकंदांतले) उरलेले सेकंद लीडरला मिळतात. तो आला आणि प्रश्न सुटला तर दोरी परत ओढून दिवा विझतो, नाही सुटला तर फेरी संपताना दिवा लाल आणि पुढे जॉब सरकवणे बंद. दिवा पाच मिनिटे लाल राहिला तर सुपरवायझर, पंधरा मिनिटांनी विभागप्रमुख. हे टप्पे दोरीजवळच्या पाटीवर लिहिलेले, नावांसकट नाही, तर पदांसकट. नावे रजेवर जातात.

किती लीडर लागतील हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एका स्टेशनवरून तासाला दोन हाका धरल्या तर नऊ स्टेशनच्या अठरा. हाकेला सरासरी दीड मिनिट, म्हणजे तासातली २७ मिनिटे लीडर गुंतलेला. जवळपास दर दुसऱ्या हाकेच्या वेळी तो दुसरीकडे असणार. एका लीडरकडे पाच-सहांपेक्षा जास्त स्टेशन नकोत हा जुना नियम इथूनच येतो. या लाइनला दोन लीडर लागले. दुसरा लीडर आणला तो पॅकिंगमधून माणूस काढून, आणि ती या सगळ्या कामातली सर्वांत अवघड वाटाघाट होती.

दिव्यांचे रंगही सुटसुटीत केले. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आयईसी ६०२०४-१ हे मानक सूचक दिव्यांना अर्थ देते : लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे असाधारण स्थिती, निळा म्हणजे माणसाने काहीतरी करायलाच हवे, हिरवा सुरळीत. वरून खाली क्रमही तोच, लाल सर्वांत वर. क्रम पाळण्याचे कारण व्यवहारी आहे. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारी माणसे, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या शिफ्टमध्ये असतात, आणि त्यांना दिव्याची जागा अर्थ सांगते. पहिल्या प्रयत्नात काही मशीनवर हिरवा वर होता.

पिवळा दिवा कायम जळण्याचे कारण वेगळेच निघाले. वंगणाच्या पंपाची ‘तेल कमी’ सूचना त्याच दिव्याला जोडलेली होती आणि तेलाची मर्यादा फार वर लावलेली होती. सूचना वेगळ्या दिव्यावर नेली, मर्यादा खाली आणली. सगळे ठीक असताना जळणारा दिवा लोकांना त्याच्याकडे न पाहण्याची सवय लावतो.

रात्रपाळीत मात्र व्यवस्था पहिल्या आठवड्यातच ढासळली. तिथे दुसरा लीडर नेमलाच नव्हता. दिवा वीस-वीस मिनिटे लाल राहू लागला आणि तिसऱ्या रात्रीपासून हाका बंद. आकड्यांत हे सुधारणेसारखे दिसले : दिवसा रोज शंभराच्या वर हाका, रात्री शून्य. शून्य हाका पाहून आनंद मानणारा अधिकारी लाइनवर गेला तर त्याला ऑपरेटर स्वतःच बोल्ट ठोकून बसवताना दिसेल.

दोन बिन पुरतात का?

चौथ्या स्टेशनवर ओ-रिंगचे दोन बिन होते, प्रत्येकी ६० नग. साहित्य आणणारा मदतनीस तासाला एक फेरी मारतो : रिकामा बिन उचलतो आणि पुढच्या फेरीत भरून आणतो. कानबानचे (वापर होईल तसे कार्डाने साहित्य मागवण्याच्या पद्धतीचे) नेहमीचे सूत्र लावले : सर्वांत वाईट वाट पाहणी दोन तास, दोन तासांत ९६ नग, वर १५ टक्के राखीव, म्हणजे ११० च्या आसपास. भागिले ६०, उत्तर १.८४, म्हणजे दोन बिन. कागदावर बरोबर. तरीही आठवड्यातून चार-पाच वेळा ओ-रिंग संपत होत्या.

गोम सूत्रात नव्हती, कार्ड कधी टाकायचे यात होती. सूत्र धरून चालते की बिनमधला पहिला नग उचलताच कार्ड पेटीत पडते. तेव्हा हाताशी दोन्ही बिन असतात, १२० नग, अडीच तास. इथे कार्डच नव्हते, रिकामा बिन हीच मागणी. बिन रिकामा झाला तेव्हा हाताशी उरतात ६० नग, म्हणजे ७५ मिनिटे. मदतनीस नुकताच पुढे गेला असेल तर भरलेला बिन यायला १२० मिनिटे. पाऊण तास लाइन उपाशी. दोन वाटा होत्या : कार्ड आणायचे आणि पहिल्या नगाला टाकण्याची शिस्त लावायची, किंवा तिसरा बिन द्यायचा. ओ-रिंग लहान आणि जागा होती, तिसरा बिन दिला. पाचव्या स्टेशनचे आवरण मोठे, तिथे तिसऱ्या ट्रॉलीला जागा नाही, म्हणून तिथे कार्ड. जी शिस्त टाळता येते ती टाळावी, अशा मताचे आम्ही आहोत.

स्टेशनांच्या मध्ये अर्धवट जॉबसाठी चौकोन आखले, दोन नगांचे. चौकोन भरला की मागच्याने थांबायचे. पहिले काही दिवस चौकोनात दोनच जॉब आणि टेबलाखाली सहा. कारण मागच्या स्टेशनच्या माणसाचे वैयक्तिक उत्पादन अजून मोजले जात होते. ते मोजणे बंद केले आणि टेबलांचे खालचे फळकेच काढून टाकले.

जमिनीच्या पट्टीबद्दल थोडक्यात. तेलकट जमिनीवर पट्टी टिकत नाही. आधी तेल उतरवायचे, पूर्ण सुकू द्यायचे, मग ५० मिलिमीटरची पट्टी रोलरने दाबायची. ट्रॉलीच्या जागेला पूर्ण चौकट न मारता चारही कोपऱ्यांना नुसते काटकोन मारले तर चाके पट्टीवरून कमी जातात. फोर्कलिफ्ट वळते तिथे पट्टी लावूच नये, रंग मारावा.

गळती तपासणीचा काटा

सातव्या स्टेशनवर पंपात २ बार दाबाची हवा भरून दाब उतरतो का ते पाहतात. दाब १.९ ते २.१ च्या मध्ये हवा. पहिल्या प्रयत्नात दाबमापकाच्या काचेवर हिरवी पट्टी चिकटवली होती. त्यात तीन दोष होते, आणि तिन्ही इतर कारखान्यांतही सर्रास सापडतात.

काच आणि तबकडी यांत अंतर असते, त्यामुळे उंच आणि बुटक्या ऑपरेटरला काटा वेगळ्या जागी दिसतो. पट्टी तबकडीवर हवी. काचेची कडी फिरते, तेव्हा काचेवरची खूण नकळत सरकते. काचेवर लावायचीच असेल तर कडी आणि बॉडी दोन्हींवरून जाणारी एक पांढरी रेघ मारून ठेवावी, फिरली की रेघ तुटते. तिसरा दोष मापकातच होता. तो शून्य ते १० बारचा, ६३ मिलिमीटर तबकडीचा, अचूकता वर्ग १.६. वर्ग १.६ म्हणजे मापकाच्या पूर्ण मापाच्या, इथे १० बारच्या, १.६ टक्के, म्हणजे अधिक-उणे ०.१६ बार. मर्यादा अधिक-उणे ०.१ ची आणि मापकाचीच चूक तिच्याहून मोठी! हिरवा पट्टा जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर रुंद.

शून्य ते ४ बारचा मापक लावला. चूक ०.०६४ बारवर आली, पट्टा साडेपाच मिलिमीटरच्या आसपास झाला, आणि २ बार बरोबर मध्यावर आल्याने काटा सरळ वर उभा राहतो. चालत जाताना नुसती तिरकी नजर टाकली तरी काटा उभा आहे की कलला आहे हे कळते. रंग लावण्याआधी मापक योग्य आहे का ते पाहावे, नाहीतर चुकीच्या आकड्याला हिरवा रंग मिळतो.

नापास पंपांसाठी लाल पेटी होती, तीत वीस पंप मावायचे. म्हणून वीस साठायचे. तिच्या जागी तीन खाचांची लाल मांडणी आणली, पंपाच्या आकाराच्या खाचा, वर कुलूप, किल्ली गुणवत्ता विभागाकडे. पहिला पंप गेला की दोरी ओढायची, तिसरा गेला की स्टेशन थांबवायचे. चौथ्याला जागाच नाही. इथे कोणाच्या शिस्तीवर अवलंबून राहावे लागत नाही, लाकडाची फळीच थांबवते.

हत्यारांच्या फळ्यावर रंगवलेली सावली टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळण्याचे हत्यार) गेले आहे एवढे सांगते, कुठे गेले ते नाही. प्रत्येक स्टेशनला आकडा कोरलेले दोन बिल्ले दिले. हत्यार काढले की खुंटीला बिल्ला. शिफ्ट बदलताना बिल्ले मोजले की पुरे.

सध्याची स्थिती

दर आठवड्याला लीडर आणि सुपरवायझर मिळून वीस मिनिटे लाइनवर फिरतात. प्रत्येक खुणेसमोर उभे राहून एकच विचारतात : गेल्या आठवड्यात हिच्यामुळे कोणी काय केले? सलग चार आठवडे उत्तर ‘काही नाही’ आले तर खूण काढायची किंवा मर्यादा बदलायची. अशाने तिसरा फलकही उतरला. तो हजेरीचा होता आणि हजेरी सकाळच्या बैठकीत डोळ्यांनीच कळत होती.

रात्रपाळीला दुसरा लीडर मिळाला आणि हाका परत सुरू झाल्या. मॉडेल बदलले की सातव्या स्टेशनच्या तीन खाचा पहिल्या अर्ध्या तासात अजूनही भरतात, कारण जुन्या मॉडेलच्या ओ-रिंग चौथ्या स्टेशनच्या बिनमध्ये तळाला राहिलेल्या असतात. त्या बिनला आता पारदर्शक तळ लावून खाली आरसा बसवून पाहत आहेत.